थेट डिप्लोमा की आधी आयटीआय? (इलेक्ट्रिकलपुरतं)

दहावीनंतर इलेक्ट्रिकललाच जायचं हे ज्यांचं ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक वाट तीन वर्षांची, थेट पॉलिटेक्निक. दुसरी चार वर्षांची: आयटीआयला दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड आणि मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. शेवटी हातात येणारी पदविका एमएसबीटीईचीच, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची. फी, कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या), कागदपत्रं यांची माहिती कुठेही मिळते, त्यात शिरत नाही.

डिग्री करायचीच आहे आणि गणिताशी वाकडं नाही, तर सरळ डिप्लोमा घ्यावा. वर्ष वाचतं, आणि पहिल्या वर्षाचं मॅथ्स पुढे इंजिनिअरिंगला कामी येतं. इथे वाद घालण्यासारखं काही नाही.

बाकीच्यांच्या बाबतीत माझा काटा चार वर्षांच्या वाटेकडे झुकतो. कारण ऐकायला किरकोळ वाटेल: लॅबमधलं टेबल. पॉलिटेक्निकच्या प्रॅक्टिकलला एका टेबलाभोवती चार-पाच मुलं असतात. एक जण कनेक्शन करतो, एक मीटर वाचतो, उरलेले मॅन्युअलमध्ये आकडे उतरवतात. कित्येकदा पॅनेल आधीच जोडून ठेवलेलं असतं. सप्लाय चालू करा, रीडिंग घ्या, सही घ्या. जो पहिल्या दिवशी मीटर वाचायला बसला, तो तिसऱ्या वर्षीही तिथेच असतो. सगळीकडे असंच चालतं असं नाही, पण अपवाद शोधावे लागतात. आयटीआयच्या अभ्यासक्रमात वर्षाचे १२०० तास आणि त्यातले ८४० प्रॅक्टिकलचे. निदेशक कामचुकार भेटला तर तेही वाया जातात, हे खरं. तरी एवढ्या तासांत प्रत्येकाच्या हातात पक्कड येतेच येते.

फरक बघायचा असेल तर दोघांना डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर थेट सप्लायवर चालू करणारा स्टार्टर, जोडायला द्या. कागदावर आकृती डिप्लोमावाला सुरेख काढतो. जोडताना मात्र कॉन्टॅक्टरचा (कॉइलने ओढला जाणारा मोटरचा स्विच) १३-१४ हा होल्डिंग कॉन्टॅक्ट स्टार्ट बटणाला समांतर घ्यायचा राहतो, आणि बटण सोडलं की मोटर बंद. किंवा ओव्हरलोड रिलेचा (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) ९५-९६ घ्यायच्या जागी ९७-९८ घेतला जातो. तो एनओ, म्हणजे एरवी उघडा राहणारा, असल्यामुळे कॉन्टॅक्टर ओढतच नाही, आणि मग तासभर स्टॉप बटणावर संशय. सगळ्यात महागडी चूक म्हणजे कॉइलवरचा व्होल्टेज न वाचणं. ४१५ ची कॉइल २३० वर नुसती गुणगुणते. २३० ची ४१५ वर टाकली तर धूर. आयटीआयवाल्याने या तिन्ही चुका पहिल्या-दुसऱ्या वर्षातच करून झालेल्या असतात.

नोकरीच्या जाहिरातींतही हा फरक नडतो. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला (२०२३ च्या जाहिरातीत ५३४७ जागा होत्या) इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड लागतो. रेल्वेत सहायक लोको पायलटला आयटीआयऐवजी डिप्लोमा चालतो, टेक्निशियन ग्रेड तीनला चालत नाही. उलट ज्युनियर इंजिनिअरला डिप्लोमाच हवा. दोन्ही कागद असले की दोन्हीकडे अर्ज करता येतो. बाजार कुठल्या अंगाला वळेल हे सांगता येत नसताना मला हे मोलाचं वाटतं. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेमुळे छतावरच्या सोलरची कामं वाढली, आणि त्यात स्ट्रिंग (पॅनेलच्या माळा) जोडणं, अर्थिंग, इन्व्हर्टर चालू करणं हे हातचंच काम आहे. ड्रॉइंग आणि मटेरियलच्या याद्या करण्याचं टेबलावरचं काम मात्र सॉफ्टवेअर हळूहळू खाणार, असं आपलं मला वाटतं.

आता या वाटेतला खड्डा. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या आयटीआयच्या मुलाने बेसिक आणि अप्लाइड मॅथ्स केलेलंच नसतं, आणि समोर सर्किट्सचा विषय येतो. केट्या लागतात (विषय राहतात) त्या इथे. गंमत म्हणजे निम्मी गोष्ट त्याला येत असते. ३ ओहम रेझिस्टन्स, ४ ओहम रिअॅक्टन्स, तर इम्पिडन्स ५, हा त्रिकोण त्याने आयटीआयच्या थिअरीत सोडवलेला असतो. डिप्लोमात तेच ३ + जे४ असं लिहितात आणि ५, कोन ५३.१३ अंश असं वाचतात. दोन शाखा समांतर आल्या की नुसत्या त्रिकोणाने भागत नाही, भागाकार करावा लागतो. तिथे मूल अडकतं. म्हणून ट्रेडची परीक्षा झाल्यावर दोन महिने रोज तासभर चारच गोष्टी कराव्यात: कॉम्प्लेक्स संख्यांची बेरीज-गुणाकार-भागाकार, सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर पोलर-रेक्टँग्युलर रूपांतर, मेश अॅनालिसिससाठी (सर्किटच्या प्रत्येक लूपमधला करंट काढायची पद्धत) तीन बाय तीनचा निश्चयक (डिटर्मिनंट), आणि साइन वेव्हची सरासरी काढण्यापुरतं इंटिग्रेशन. बाकीचं वर्गात भरून निघतं. आयटीआयच्या निकालाची आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची तारीख त्या वर्षी जुळते का, तेही आधीच बघून ठेवावं.

मध्ये एक वर्ष अॅप्रेंटिसशिप करावी का? घरची निकड असेल तर करावी. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिन्याला किमान ७००० आणि डिप्लोमावाल्याला ८००० विद्यावेतन होतं, म्हणजे त्या एका हजारासाठी घाई करण्यात अर्थ नाही. पण एकदा पगाराची सवय लागली की पुन्हा बाकावर बसणं जड जातं, त्यामुळे मी डिप्लोमा आधी म्हणेन.

आणि ठेकेदारीचा विचार डोक्यात असेल तर वायरमन किंवा पर्यवेक्षकाच्या परवान्याला अनुभवाचा दाखला लागतो. तो काम सोडतानाच लेटरहेडवर, तारखांसकट आणि शिक्का मारून घ्यावा. चार वर्षांनी मागायला गेलं की ठेकेदार फोन उचलत नाही.