रंगापूर्वीच्या तयारीची कसोटी: एका रंगकाम सेवेविषयी

पुण्यातील आमच्या जुन्या सदनिकेतील १० बाय १२ फुटांच्या खोलीसाठी आम्ही एका स्थानिक कंत्राटदाराची रंगकाम सेवा घेतली. रंग उत्तम लागला आहे, तरीही लिहावेसे वाटते ते त्याआधीच्या तयारीविषयी. सामान खोलीच्या मध्यभागी आणून प्लास्टिकने झाकणे, पंख्याला पिशवी बांधणे, स्विचबोर्डांच्या कडांना टेप लावणे ही कामे कारागिरांनी न सांगता, नेटकेपणाने केली.

खरा प्रश्न खिडकीखालच्या ओलीचा होता. ओलीचे मूळ बाहेरच्या गिलाव्यातील भेगेत असताना आतून केवळ पुट्टीचा (भिंत सपाट करणाऱ्या लेपाचा) हात फिरवल्यास काही महिन्यांतच पोपडे धरतात, हे ठाऊक असूनही कंत्राटदाराने तोच सोपा मार्ग सुचवला. आम्ही आग्रह धरल्यावर मात्र त्याने भेग बुजवून घेतली आणि भिंत सुकेपर्यंत काम थांबवले. पहिला हात ओला असतानाच दुसरा देण्याची घाईही आम्हालाच रोखावी लागली.

घासकाम मात्र वाखाणण्याजोगे झाले. भिंतीला लगटून दिवा तिरपा धरायचा, म्हणजे सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावरील उंचवटे सावलीने उघडे पडतात, आणि तेवढीच जागा पुन्हा पॉलिश पेपरने घासायची, ही पद्धत एका वयस्कर कारागिराने इतक्या चिकाटीने पाळली की त्यांचे हात पाहत बसावेसे वाटे. घासल्यानंतरची धूळ त्यांनी ओलसर फडक्याने पुसली, भिंत वाळू दिली आणि मगच प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लावला.

अंदाजपत्रकात पुट्टीच्या हातांची संख्या लिहिलेली नव्हती. ती आधीच लिहून घ्यावी.