नागपूरची माझी मेट्रो: गाडी उत्तम, शेवटचा किलोमीटर कच्चा

मे महिन्यात भर दुपारी वर्धा रोडवरून बर्डीला (सीताबर्डीला) जायचं असेल तर आज मेट्रोसारखा पर्याय नाही. गाडी तीन डब्यांची, वातानुकूलित आणि स्वच्छ. खालच्या सिग्नलशी तिचा संबंधच नाही. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज लाइन आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही ॲक्वा लाइन, दोन्ही बर्डीला एकमेकींना ओलांडतात. मार्च २०१९ मध्ये खापरी-बर्डी सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला.

बर्डीला गाडी बदलताना नवख्यांचा गोंधळ होतो. दोन्ही मार्गांचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. मार्गाच्या रंगासोबत शेवटच्या स्थानकाचं नाव पाहूनच जिना धरा; हिंगण्याकडे जायचं तर ‘लोकमान्य नगर’. आधीच्या गाडीतून उतरलात की बाहेर पडायच्या गेटकडे जाऊ नका, बदल आतूनच होतो.

बांधकामाला मात्र पैकीच्या पैकी गुण. वर्धा रोडवर जागाच नव्हती, म्हणून एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो घेतली. त्यासाठी छत्रपती चौकातला जुना पूल पाडावा लागला. कामठी रोडवर गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. अशा बहुमजली पट्ट्यात फलाट साहजिकच फार उंच जातो. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्याच्या वाटेला न जाता थेट लिफ्ट शोधावी.

खरी अडचण स्थानकाबाहेर पडल्यावर सुरू होते. ‘एअरपोर्ट’ हे स्थानक वर्धा रोडला आहे, टर्मिनल तिथून बरंच आत. बॅगा घेऊन उन्हात ते अंतर चालणं शक्य नाही, म्हणून फीडर बस (स्थानकापर्यंत ने-आण करणारी जोडबस) किंवा ऑटोचा वेळ हिशोबात धराच. ‘नागपूर रेल्वे स्टेशन’ हे मेट्रो स्थानक संत्रा मार्केटच्या बाजूला येतं. मुख्य प्रवेशद्वाराकडची रेल्वेगाडी पकडायची असेल तर पादचारी पूल ओलांडायला दहा मिनिटं जादा ठेवा.

नागपूरकर दुचाकी सोडत नाही याचं कारणही हेच. घरातून निघालं की वीस मिनिटांत कुठेही पोहोचता येणाऱ्या शहरात आधी ऑटो, मग मेट्रो, मग पुन्हा ऑटो कोण करेल? घर आणि ऑफिस दोन्ही स्थानकापासून चालत जाण्याच्या टप्प्यात असतील तरच रोजचा प्रवास परवडतो, वेळेच्या दृष्टीनेही. दुपारी दहा-पंधरा मिनिटांची वाट पाहण्याची तयारी हवी.

४३.८ किलोमीटरचा दुसरा टप्पा बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत जाणार आहे. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कामगारांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे. पण कारखान्याच्या शिफ्टच्या वेळा धरून फीडर बस पहिल्या दिवसापासून उभ्या राहिल्या पाहिजेत. रात्रपाळी सुटल्यावर स्थानकापर्यंत पोहोचायचं कसं, हे आधी ठरवा.