सावंतवाडीच्या चितार आळीत करून घेतलेली लाकडी पेटी: स्काऊटच्या सरांच्या सत्काराची ऑर्डर, सगळा अनुभव

स्काऊट-गाईड, सेवादल किंवा मुलांच्या अशाच कुठल्या कामात वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाचा सत्कार करायचाय आणि काय द्यायचं ते सुचत नाहीये, असं असेल तर हे वाचा. थोडं लांबलंय पण उपयोगी पडेल.

आमचे सर वेंगुर्ला तालुक्यातल्या एका हायस्कुलात होते. १९९१ पासून स्काऊटचं पथक त्यांच्याकडे, रिटायर झाले तरी रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर हजर, शाळेने नवीन स्काऊट मास्टर दिला तर त्यालाही गाठी सरच शिकवत बसायचे. एकूण ३३ वर्षं. ह्या कामाचा वेगळा पैसा मिळत नाही हे खूप पालकांना माहीतच नसतं. पगार वर्गात शिकवण्याचा, बाकी रविवार, कॅम्प, पोरांना एसटीने न्यायचं-आणायचं, कोणाकडे स्कार्फला पैसे नसतील तर गुपचूप घेऊन द्यायचा, हे सगळं स्वतःच्या वेळातून आणि स्वतःच्या खिशातून. जूनमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते म्हणाले, आता बस. तेव्हा आम्ही जुनी पोरं जागी झालो, खरं तर दहा वर्षं आधीच व्हायला हवं होतं.

पहिली ट्रॉफी आम्ही जवळच्याच एका दुकानातून घेतली, दुकानाचं नाव लिहीत नाही. सोनेरी कप, खाली काळा प्लास्टिकचा ठोकळा, त्यावर पट्टी. पट्टीवर 'प्रदीर्घ सेवेबद्धल' असं छापलेलं, आणि सरांच्या आडनावातली वेलांटी चुकलेली. परत नेली तर म्हणे पट्टी बदलून देतो, वरचे पैसे द्या. ते एक सोडा, पण आमच्याकडे समुद्र हाकेवर, खाऱ्या हवेत असल्या कपावरचा मुलामा दोन पावसाळे टिकत नाही, माझ्याच घरी कबड्डीचे तीन कप आहेत, तिन्ही काळे पडून पोपडे निघालेत. आणि सगळ्यात वाईट वाटलं ते हे की तोच कप कॅरम स्पर्धेला चालतो, तोच बँकेच्या मॅनेजरच्या निरोपाला चालतो, त्यात आमचे सर कुठेच नव्हते.

मग ग्रुपवरच्या एकाने सांगितलं की सावंतवाडीला चितार आळीत जा, तिथे लाकडावर हवं ते काढून देतात. आपण कोकणातली माणसं असून चितार आळीत लाकडी फळं नाहीतर भातुकली घ्यायलाच जातो, ऑर्डर देऊन काही करून घ्यायचं डोक्यातच येत नाही. मी एका शनिवारी गेलो. मोती तलावावरून चालत जाता येतं, गाडी मात्र आळीत घालू नका, लावायला जागा नाही. दुपारी एक ते चार बहुतेक दुकानं बंद असतात, मी दीडला पोचलो आणि तलावाच्या कट्ट्यावर अडीच तास बसून काढले. ट्रेनने येणार असाल तर स्टेशन मळगावला आहे, तिथून रिक्षा करावी लागते.

दुकान छोटंसंच, नाव मुद्दाम देत नाही कारण कामाला तीनच माणसं आहेत आणि एकदम गर्दी झाली तर त्यांचे हाल होतील. पुढे मांडणीवर पांगाऱ्याच्या लाकडाची आंबे-काजू-फणस, मागे एक काका जमिनीवर पाट घेऊन रंगवत बसलेले. भिंतीवर दशावतारी गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांची, गोल पानं लावलेली. पूर्ण संच १२० पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. मी आपला नेहमीसारखा प्रश्न टाकला, सत्काराला काहीतरी हवंय, दोन हजारापर्यंत काय होईल? काका मान वर न करता म्हणाले, "पैशाचा मगे बघूया, तेंनी नेमका काय केल्यानी ता आधी सांगा."

ट्रॉफीच्या दुकानात मला नाव, तारीख आणि साईज विचारली होती. इथे मी पाऊण तास बोलत होतो. खिशातली दोरी सांगितली. सरांच्या शर्टाच्या खिशात कायम नायलॉनच्या दोरीचा हातभर तुकडा असायचा, बस लेट झाली की काढायचे आणि कोणाला तरी म्हणायचे, बांध. आमच्यात अर्धी पोरं रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची, त्यांना गाठी घरच्याच, तर सर त्यांना पुढे बोलवून म्हणायचे मला शिकवा, आणि खरंच शिकायचे. बोलाईन म्हणजे माणसाला वर ओढायची गाठ, कितीही ताण पडला तरी फास आवळत नाही, ती शिकवायची त्यांची स्वतःची रीत होती: कुर्ली (खेकडा) बिळातून बाहेर येते, माडाच्या मागून फेरी मारते आणि परत त्याच बिळात शिरते. आज चाळिशी ओलांडलेला माणूसही ही गाठ बांधताना ओठातल्या ओठात कुर्ली म्हणतो.

गळ्यातल्या दोन लाकडी मण्यांबद्दलही सांगितलं. हिमालय वुड बॅज, म्हणजे स्काऊट मास्टरांचा वरचा कोर्स, पूर्ण केला की चामड्याच्या वादीत ते मणी मिळतात. ही पद्धत १९१९ ची, इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कला पहिला कोर्स झाला तेव्हा स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनी आफ्रिकेतून आणलेल्या दिनीझुलू राजाच्या माळेतले मणी वाटले. आपल्याकडे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. काकांना मण्यांचं फार कौतुक वाटलं. म्हणाले, एवढं शिकून सोनं-चांदी न देता लाकूड देतात, म्हणजे माणसं जाणती आहेत.

शेवटी ठरलं ते असं: आंब्याच्या लाकडाची पेटी, दहा इंच बाय सहा, आत सरांची जुनी दोरी आणि शिट्टी राहील एवढी. पांगारा हलका, फळांना-खेळण्यांना बरा, पण रोज उघडझाप करायच्या पेटीला नको असं त्यांनीच सांगितलं. लाल जमीन (म्हणजे मागचा रंग), कडेने गंजिफाच्या पद्धतीची वेल आणि झाकणावर मधोमध बोलाईन. स्काऊट संघटनेचं बोधचिन्ह काढूया असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं पण ते अधिकृत चिन्ह, परवानगीशिवाय वापरायला नको म्हणून सोडलं, आणि बरंच झालं. १,८५० रुपये सांगितले, ५०० आधी दिले.

आता अडचणी. ऑर्डर ऑगस्टमध्ये दिली, ती चूक. गणपतीच्या आधी महिनाभर इथला प्रत्येक रंगवणारा हात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, असतो, आणि पावसाळी हवेत रंगाचा एक हात वाळायला दोन-तीन दिवस जातात. सप्टेंबरअखेर देतो म्हणाले होते, ऑक्टोबर उजाडला. फोन उचलत नाहीत, उचलला तर सूनबाई, त्या म्हणतात बाबांना विचारून सांगते. आमचा कार्यक्रम ७ नोव्हेंबरला, भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना १९५० साली त्याच दिवशी झाली म्हणून, आणि दिवाळीला आलेले चाकरमानीही तेव्हा गावात असतात म्हणून. मला खरोखर टेन्शन आलं होतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर बघायला गेलो तर पेटी जवळजवळ तयार. इतकी देखणी की मी आधी काही बोललोच नाही. मग नीट बघितलं, गाठ चुकलेली. दोरीचं टोक माडाच्या मागून न जाता पुढूनच वळून बिळात गेलेलं, म्हणजे कुर्लीने फेरी मारलीच नव्हती, अशी गाठ खरी बांधली तर सुटून येईल. सांगायला जीव होईना, एवढी मेहनत दिसत होती. सांगितलं. काकांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, "दोरी घेवन येवा, माझ्यासमोर बांधून दाखवा." शेजारच्या दुकानातून सुतळी आणली, मी बांधली, त्यांनी सोडली, स्वतः बांधली, परत सोडली. चार वेळा. मग बांधलेली गाठ पाटावर ठेवून, तिच्याकडे बघत, झाकणाचा मधला भाग पूर्ण घासून काढून पुन्हा लाल जमीन दिली. जास्तीचा एक रुपया मागितला नाही. आधीच्या दुकानात एका वेलांटीचे वेगळे पैसे सांगितले होते.

५ नोव्हेंबरला पेटी मिळाली. कडेच्या वेलीत कमळाच्या कळ्या आहेत, त्या मोजा म्हणाले. घरी येऊन मोजल्या, बरोबर ३३. हे आम्ही सांगितलेलं नव्हतं.

तक्रारी ज्या आहेत त्या लिहितो. कडी जरा सैल आहे, पेटी उलटी धरली तर उघडते. वॉर्निशचा वास आठेक दिवस राहिला. पॅकिंग म्हणजे वर्तमानपत्र आणि सुतळी, त्यामुळे कुरियरने मागवू नका, स्वतः जाऊन आणा. बिल हवं असेल तर आधीच बोलून ठेवा, आम्हाला साध्या कागदावर लिहून मिळालं. बाकी कामाला नाव ठेवायला जागा नाही, माझ्याकडून पाचपैकी साडेचार, तो अर्धा फक्त फोन न उचलण्याबद्दल.

आणखी एक, पेटीशी संबंध कमी पण सांगायलाच हवं. मोठ्यांसाठी संघटनेचे स्वतःचे सन्मान आहेत, सगळ्यात वरचा सिल्व्हर एलिफंट, नंतर सिल्व्हर स्टार, मेडल ऑफ मेरिट, शिवाय दीर्घ सेवेसाठी लाँग सर्व्हिस डेकोरेशन. सरांचं नाव ह्यातल्या कशाला तरी पाठवावं म्हणून आम्ही कागद शोधायला गेलो तर जुन्या फायली वाळवीने खाल्लेल्या, कोर्सची सर्टिफिकेटं अर्धी, कुठल्या साली किती पोरं होती त्याचा पत्ता नाही. सर स्वतः कधी मागणार नाहीत, असली माणसं मागतच नाहीत. ज्यांच्याकडे असं कोणी अजून काम करतंय त्यांनी दर वर्षी त्या माणसाच्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्येच झाला. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, सर खाली बघत बसलेले, त्यांना स्तुती सोसत नाही. पेटी हातात दिली तेव्हा उघडायच्या आधी त्यांनी चष्मा लावला आणि झाकणावरच्या दोरीवरून बोट फिरवलं, बिळातून वर, माडाच्या मागून, परत बिळात. पूर्ण हॉल गप्प. मग म्हणाले, "बरोबर आहे. कोणी काढली?" काकांना बोलावलं होतं आम्ही, ते मागच्या रांगेत बसले होते, त्यांना उभं केलं. सर काठी टेकत त्यांच्यापर्यंत गेले आणि स्काऊटसारखा डावा हात पुढे केला, काकांनी उजवा केला, मग दोघांनी दोन्ही हात धरले.

त्याच शाळेत गाईडच्या बाई आहेत, २६ वर्षं झाली, अजून काम चालू आहे. त्यांच्या बाबतीत रिटायर व्हायची वाट बघायची नाही असं त्याच संध्याकाळी ठरलं. गेल्या आठवड्यात परत चितार आळीत जाऊन ५०० रुपये देऊन आलो, ह्या वेळी काम फेब्रुवारीत हवंय, २२ तारखेच्या स्काऊट-गाईडच्या चिंतन दिनाला, त्यामुळे पाऊस नाही आणि गणपतीही नाहीत. काकांनी परत तेच विचारलं, बाईंनी काय केलं ते सांगा. जुन्या मुलींना फोन केले तर सगळ्यांना एकच आठवतं, कॅम्पला रात्री तंबूबाहेर बाईंच्या बॅटरीचा उजेड, दर तासाला एक फेरी, कोणी जागी असली की उजेड थांबायचा. काका म्हणाले, बॅटरी काढतो, पण कसली होती? मुंबईला एकीला फोन लावला. स्टीलची, तीन सेलची, म्हणाली, आणि काचेजवळ एक पोचा होता, तो पण काढायला सांग.