उलट्या पिळाच्या बिटांचा आणि एक्स्ट्रॅक्टरचा संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळहून आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माझे चारचाकी दुरुस्तीचे लहान गॅरेज आहे. मागील पोळ्याच्या आठवड्यात मी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये तुटून अडकलेले बोल्ट काढण्याचा एक संच मागवला. त्यात उलट्या पिळाची, म्हणजे उलट फिरवल्यावर कापणारी, पाच ड्रिल बिटे आणि तेवढेच निमुळते एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटक्या बोल्टला पाडलेल्या भोकात ठोकून उलट फिरवायचे पोलादी दांडे, आहेत. आठ महिन्यांत अकरा तुटके बोल्ट माझ्या हाताखालून गेले. त्यांपैकी सात केवळ उलट्या बिटांनी निघाले, दोन एक्स्ट्रॅक्टरने निघाले आणि दोन शेवटी वेल्डिंगने काढावे लागले. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत, कारण संच घेताना माझा सारा भरवसा एक्स्ट्रॅक्टरवर होता आणि प्रत्यक्षात पैसे वसूल झाले ते बिटांवर.

आमच्या भागात हे काम वारंवार का येते, ते आधी सांगणे आवश्यक आहे. कापूस जिनिंगवर नेणाऱ्या अनेक जीप आणि पिकअप गाड्यांच्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरलेले असते. या पाण्यात क्षार असतात आणि कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये नसतात. त्यामुळे ज्या बोल्टची भोके ब्लॉकमधील पाण्याच्या मार्गात उघडतात, ते वॉटर पंपाचे किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगचे बोल्ट आतून गंजत जातात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांमध्ये पाचरीसारखा दाटतो. पुढे कधीतरी पंप गळू लागतो, आपण पाना लावतो, आणि बोल्टचे डोके हातात येऊन दांडा आतच राहतो.

पहिले काम नेमके असेच आले. एका कास्तकार काकांच्या डिझेल जीपचा वॉटर पंप काढताना आठ एमएमचा बोल्ट ब्लॉकच्या पृष्ठभागापासून सुमारे दोन मिलिमीटर आत तुटला. "भाऊ, वेळ लागला तरी चालेल, पण ब्लॉक फुटू देऊ नका," एवढेच ते म्हणाले. मी तुटक्या तोंडावर गंज सोडवणारे तेल टाकले, पंच ठेवून हातोडीने हलके ठोके दिले आणि रात्रभर तसेच मुरू दिले. घाईने लगेच ड्रिल लावण्यापेक्षा ही एक रात्र थांबणे किती मोलाचे असते, हे मला त्यानंतरच्या प्रत्येक कामात जाणवले.

खरी अडचण मध्य साधण्याची असते. तुटलेले तोंड कधीच सपाट नसते, त्यामुळे सेंटर पंच उताराकडे घसरतो. शिवाय अशा बोल्टचे पोलाद ब्लॉकच्या बिडापेक्षा कडक असते. बिट एकदा कडेला गेले की ते मऊ बिडात शिरते आणि भोक कायमचे बिघडते. यावर मी लेथवर एक छोटा बुश, म्हणजे मधून भोक असलेली धातूची नळी, करून घेतला. त्याचा बाहेरचा व्यास पंपाच्या भोकात घट्ट बसेल एवढा आणि आतील भोक तीन मिलिमीटरचे ठेवले. जुना पंप उरलेल्या बोल्टनी पुन्हा जागेवर आवळला, त्याच्या भोकात बुश बसवला आणि बिट त्यातून सरळ मध्यावर उतरवले. संचात असा बुश मिळत नाही, आणि माझ्या मते ही त्या संचातील सर्वांत मोठी उणीव आहे.

ड्रिल उलट दिशेने, कमी वेगाने आणि मधूनमधून तेल देत चालवले. उलट्या बिटाचा गुण असा की ते कापताना बोल्टला सुटण्याच्याच दिशेने ओढते. साधे बिट मात्र तोच बोल्ट आणखी आत आवळू पाहते. त्यातच बोल्ट आतून पोकळ होत गेला की त्याचा आट्यांवरील दाब उतरतो आणि छिद्र पाडताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने गंजाची पकडही ढिली होते. तीनचे बिट आरपार गेले. पाचचे निम्म्यावर असताना एकदम अडकले, आणि मी ड्रिल बंद करेपर्यंत बोल्टचा तुकडा बिटाबरोबर फिरत बाहेर येऊ लागला होता. माझ्या बारा वर्षांच्या कामात मला इतका आनंद क्वचितच झाला असेल. पुढे आठ गुणिले सव्वाच्या (आठ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत सव्वा मिलिमीटर अंतर) टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, आटे साफ केले आणि, भोक पाण्याच्या मार्गात उघडत असल्याने, नव्या बोल्टला सीलंट लावूनच तो बसवला. या मापासाठी आटे पाडण्याआधीचे भोक 6.8 मिलिमीटरचे असते, म्हणून बोल्ट निघत नसला तरी 6.5 च्या पुढचे बिट मी लावत नाही.

येथे एक सावधगिरी नोंदवतो. माझ्या जुन्या वायरच्या ड्रिलचा चक उलट्या दिशेने जोर पडताच आट्यांवरून सुटला. चकच्या आत मधोमध उलट्या आट्याचा एक स्क्रू असतो, तो नेमका यासाठीच असतो आणि माझ्या ड्रिलमध्ये तो नव्हता. संच घेण्यापूर्वी आपल्या ड्रिलचा चक उघडून तो स्क्रू पाहून घ्यावा.

एक्स्ट्रॅक्टरविषयी माझे मत आता सावध झाले आहे. दहा एमएमचा, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा, पूर्ण गंजलेला बोल्ट बिटांनी हलला नाही, म्हणून मी त्यात एक्स्ट्रॅक्टर ठोकला, टॅपच्या हँडलने जोर दिला आणि तो आतच कट्कन तुटला. त्याची कारणे मला नंतर नीट समजली. एक्स्ट्रॅक्टर निमुळता असल्याने जसजसा आत जातो तसतसा तो पोकळ झालेल्या बोल्टला आतून फुगवतो, आणि आधीच गंजाने दाटलेला बोल्ट ब्लॉकमध्ये अधिकच घट्ट बसतो. त्याचे पोलाद अतिशय कडक पण ठिसूळ असते. पीळ सोसण्याऐवजी ते तुटते, आणि मग त्यावर साधे हायस्पीड बिट चालत नाही. कार्बाइड बिट हातातल्या ड्रिलने लावले तर तेही तुटण्याची भीती असते. स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, असा तुकडा झिजवून काढता येतो, पण त्यासाठी ब्लॉक उतरवून मोठ्या शहरातील कारखान्यात न्यावा लागला असता.

आमच्या वेल्डिंगवाल्या दादांनी तो प्रसंग निभावला. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या, अर्थिंगचा चिमटा ब्लॉकवरच जवळ लावला, आणि तुटक्या तोंडावर नट ठेवून त्याच्या मधल्या भोकातून वेल्डिंग भरले. पहिले दोन नट उखडले. तिसऱ्या नटाला पाना लावताच बोल्ट एक्स्ट्रॅक्टरच्या तुकड्यासह निघाला. लाल होऊन निवताना तो आकुंचन पावला होता आणि गंजाची पकड सुटली होती. तेव्हापासून जास्त आवळल्यामुळे तुटलेला, पण आट्यांत मोकळा असलेला बोल्ट असेल तरच मी एक्स्ट्रॅक्टर वापरतो. निघालेले दोन्ही बोल्ट याच प्रकारचे होते. गंजाने जाम झालेल्या बोल्टला आता बिटांनंतर थेट वेल्डिंग करून घेतो.

संचाच्या दर्जाबद्दल थोडक्यात सांगतो. तीनचे बिट चौथ्या कामात बोथट झाले आणि बारीक असल्याने त्याला हाताने नीट धार लावता आली नाही. बिटांवरील मापाचे अंक पुसट आहेत, म्हणून मी दर वेळी व्हर्निअरने माप घेतो. पाचचे आणि साडेसहाचे बिट अजून उत्तम कापतात. उलट्या पिळाचे सुटे बिट तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात मला मिळाले नाही, तेव्हा तीनची चार बिटे मी मागील आठवड्यात बाहेरून मागवून घेतली आहेत.