गंगापूर रोडचा जर्मनचा क्लास : आठवी ते दहावीच्या मुलांना घालावं का?

नाशकात जर्मनचे क्लास आता भरपूर झालेत, कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, इंदिरानगर कुठेही जा बोर्ड दिसतात, पण त्यातले बरेचसे मास्टर्सला नाहीतर नोकरीला तिकडे जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठी आहेत. २०२४ ला महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला ना, त्यानंतर तर चौकशा अजूनच वाढल्यात. शाळेतल्या पोरांना त्यांच्या वयाचं शिकवणारं कुणी शोधायला गेलं की मात्र पंचाईत होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. क्लास गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे, मॅडम एकट्याच शिकवतात. नाव, नंबर ऑनलाइन टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही.

माझी मुलगी नववीत आहे, सहावीपासून शाळेत जर्मन. मार्क कायम नव्वदच्या पुढे. पण ते मार्क कसे मिळतात ते ज्यांची मुलं जर्मन-फ्रेंच घेतात त्या सगळ्यांना माहितीये, धडा वाचायचा, खालचे प्रश्न, फळ्यावरची उत्तरं वहीत, तीच पाठ करून पेपरात. इतकी वर्षं शिकून तिला जर्मनमध्ये साधं पाणी मागता येत नव्हतं. टीचरना दोष द्यायचा नाहीये, वर्गात चाळीस-पन्नास मुलं आणि आठवड्याला मोजके तास, त्यात प्रत्येकाला बोलतं कधी करणार. आपण पालक पण स्कोअरिंग विषय म्हणूनच घेतो, हिंदी-संस्कृतपेक्षा मार्क जास्त पडतात का एवढंच विचारतो. आणि दहावीचा पेपर झाला की त्या वह्या रद्दीत. मुलांची एवढी वर्षं एका भाषेत जातात आणि हातात काहीच राहत नाही याचं मला फार वाईट वाटतं, म्हणूनच मार्क वाढवणारी ट्यूशन नको आणि बोलायला शिकवणारं कुणीतरी हवं असं मी शोधत होते.

या मॅडमचं शिकवणं एकदम वेगळं आहे. सुरुवातीचे काही आठवडे पुस्तक बंद. फक्त ऐकायचं आणि बोलायचं. मुलं गोल करून बसतात, एकजण बेकरीवाला होतो, दुसरा ब्रेड मागतो, किती पैसे विचारतो, उरलेले परत घेतो. चुकलं तर मॅडम मध्ये तोडत नाहीत, वाक्य पूर्ण होऊ देतात आणि मग तेच बरोबर करून स्वतः म्हणून दाखवतात, की पोरगं आपोआप सुधारून परत म्हणतं. माझी मुलगी शाळेत हात वर न करणारी, ती इथे दुसऱ्या महिन्यात न अडखळता स्वतःची ओळख करून द्यायला लागली आणि मग प्रश्नही विचारायला लागली. प्रश्न विचारता येणं हे मला जास्त मोठं वाटतं कारण ते पाठ करून जमत नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मॅडम मराठी वापरतात. क्लासमध्ये बहुतेक मुलं इंग्लिश मीडियमची, त्यांना शाळेत सगळं इंग्लिशमधून समजावतात आणि तिथेच गाडी अडते. इंग्लिशमध्ये वस्तूंना लिंग नाही, जर्मनमध्ये डेअर, डी, डास असे तीन, आणि मुलं म्हणतात हे काय नवीनच. मॅडम म्हणतात अरे तुम्ही जन्मल्यापासून तो, ती, ते करताय की, तीन लिंगं तुम्हाला नवी नाहीत, फक्त कुठल्या वस्तूला कुठलं ते जुळत नाही, तेवढं पाठ करा. म्हणजे आपला सूर्य तो, त्यांची ती. शब्द नेहमी डेअर-डी-डास लावूनच पाठ करायचा, नुसता नाही, यावर त्या अगदी कडक आहेत. मोठ्यांना तू म्हणायचं की तुम्ही, हा डू आणि झी चा फरक पण मराठी घरातल्या मुलाला मिनिटात कळतो. अकुझाटिव म्हणजे द्वितीया, डाटिव म्हणजे चतुर्थी, असं फळ्यावर विभक्तीचा तक्ता काढून दाखवलं (सगळीकडे तंतोतंत लागू होत नाही हे पण त्यांनी सांगितलं), ते माझ्या सासऱ्यांनी वहीत बघितलं आणि त्यांना इतका आनंद झाला की आता तेच तिचा अभ्यास घ्यायला बसतात.

आणि आकडे! जर्मनमध्ये एकवीसला आधी एक आणि मग वीस, आइनउंडत्स्वांत्सिश. इंग्लिशमधून विचार करणारी मुलं इथे हमखास उलटं लिहितात, फोन नंबर ऐकून लिहायचा असेल तर बत्तीसचे तेवीस होतात. आपल्याकडे एकवीस, बत्तीस, सत्तेचाळीस सगळं एकक आधीच आहे. आठवत असेल, २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं वाचायला दिलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मॅडम आधी मराठी आकडे पक्के करून घेतात आणि मग जर्मन. माझ्या मुलीला सत्तेचाळीस म्हणजे किती ते या जर्मनच्या क्लासमुळे नीट कळलं, आता भाजीवाल्याशी मराठीत हिशोब करते.

परीक्षेचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. युरोपात भाषेच्या ए-वन पासून सी-टू पर्यंत सहा पायऱ्या ठरवल्यात, पहिली ए-वन. मोठ्यांची ए-वन वेगळी आणि शाळेतल्या वयाच्या मुलांसाठी ग्योथे इन्स्टिट्यूटची (जर्मन भाषेच्या परीक्षा घेणारी जर्मनीची संस्था) फिट इन डॉइच नावाची परीक्षा वेगळी, लेव्हल तीच पण विषय शाळा, मित्र, छंद असे. म्हणून क्लास निवडताना कुठल्या परीक्षेची तयारी करून घेता हे नक्की विचारा, काही ठिकाणी चौदा वर्षांच्या मुलांना पण मोठ्यांचंच पुस्तक देतात आणि पोरं घर भाड्याने घ्यायची जाहिरात वाचत बसतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, पास व्हायला १०० पैकी ६०. बोलण्याच्या भागात ओळख द्यायची, मग शब्दाचं कार्ड उचलून त्यावर प्रश्न विचारायचा, समोरच्याने उत्तर द्यायचं. म्हणजे नुसतं घोकून गेलं तर तिथे फसतंच. या क्लासमध्ये अशी कार्डं पहिल्यापासून खेळात असतात त्यामुळे परीक्षेची वेगळी भीती राहिली नाही.

परीक्षेसाठी आम्ही पुण्याला गेलो, बोट क्लब रोडच्या मॅक्समुल्लर भवनला, म्हणजे ग्योथे इन्स्टिट्यूटच्याच पुण्याच्या केंद्राला. सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशीच जा, चाकणच्या ट्रॅफिकवर अजिबात विश्वास ठेवू नका, पोरांना आधीच टेन्शन असतं त्यात गाडीत घड्याळ बघत बसायचं म्हणजे हाल. एवढ्या मोठ्या नाशिक शहरातून मुलांना पहिल्याच लेव्हलला सुद्धा दोनशे किलोमीटर जावं लागतं हे बरोबर नाही. ज्यांना मुक्कामाचा खर्च झेपत नाही त्यांनी काय करायचं?

आता क्लासमध्ये काय कमी आहे ते. एक तर बॅच वाढलीये, आधी आठ-दहा मुलं असायची, आता पंधराच्या वर, आणि बोलण्यावरच सगळं चालतं तिथे हा फरक जाणवतो, लाजरी मुलं परत मागे पडतात. मॅडमना बोलले मी, दोन बॅच करते म्हणाल्यात. दुसरं म्हणजे मुलांना आवाज एकच ऐकायला मिळतो, मॅडमचा. त्या सावकाश स्पष्ट बोलतात, खरा जर्मन माणूस थोडाच तसा बोलणारे. ऐकण्याच्या पेपरला माझ्या मुलीला तेच जड गेलं, रेकॉर्डिंग दोनदा लावतात म्हणून निभावलं. आम्ही घरी डॉइचे वेले या जर्मन वृत्तसंस्थेच्या साइटवरच्या सावकाश वाचलेल्या बातम्या लावायला लागलो, अर्ध्या कळत नाहीत पण कान तयार होतो आणि ते सगळं फुकट आहे, तुम्ही पण लावा. पार्किंग नाही, गल्लीत गाडी लावली की शेजारचे ओरडतात, मुलाला सोडून निघून जायचं.

फी एका लेव्हलची पंधरा हजारांच्या आसपास, दोन हप्त्यात चालते, पुस्तक आणि परीक्षेची फी वेगळी. मोठ्या क्लासच्या मानाने कमीच आहे.

कुणी घालू नये ते पण सांगते. शाळेच्या पेपरात मार्क वाढावेत एवढंच हवं असेल तर इथे नको, मॅडम शाळेचा धडा घेत नाहीत, प्रश्नोत्तरं लिहून देत नाहीत, यावरून काही पालकांचं वाजलंय सुद्धा. दहावीच्या वर्षात नवीन सुरू करू नका, सातवी-आठवी उत्तम. आणि लगेच जर्मनीत नोकरी असा हिशोब घेऊन नववीच्या पोराला पाठवू नका. सातपूरला बॉश आहे त्यामुळे जर्मन कंपनी आपल्याला नवी नाही, पण भाषेच्या जोरावर तिकडे जायचं तर साधारण बी-वन, बी-टू लागतं, ए-वन ही फक्त पहिली पायरी.

फ्रेंच की जर्मन की जपानी असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं, मुलाला विचारा. मैत्रिणीच्या मुलाला जपानीच हवं होतं, तो त्याच्या पायाने क्लासला जातो. मात्र जपानीच्या जेएलपीटी या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो, त्यामुळे तिथे क्लासवाले बोलून घेतात का हे जास्त नीट बघायला हवं.

बघायला जाणार असाल तर शनिवारी जा, मॅडम मागे बसू देतात. पहिल्या दहा मिनिटांत किती मुलं स्वतःहून तोंड उघडतात ते मोजा, आणि दुसऱ्या कुठल्या क्लासला गेलात तरी तिथे हेच करा.