अनुदान थांबल्यावर: कायम ठेव की तपासणी शुल्क?
सांगलीतल्या आमच्या शेती संशोधन केंद्राचं सरकारी अनुदान थांबलं आणि दोन वाटा उरल्या.

देणग्यांतून कायम ठेव केली, तर १ कोटीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७ लाख येतील. दोन सहायकांचं मानधन जेमतेम निघेल, पण संशोधनाचा विषय आपण ठरवू.

शुल्क घेऊन तपासणी केली, तर पैसा लगेच येतो. हळदीतलं कुरकुमिन (तिला पिवळा रंग देणारा घटक), बेदाण्यातले कीटकनाशकांचे अंश, द्राक्षबागेची माती. कामाला तोटा नाही. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे दर्जाचा दाखला मोलाचा. मात्र हंगामात यंत्रं नि माणसं नमुन्यांतच अडकतात, चार-पाच वर्षांचे प्रयोग मागे पडतात. ते मला फार सलतं.

म्हणून सुरुवात तपासणीने करावी, पण प्रत्येक पावतीतला ठरावीक हिस्सा ठेवीत टाकूनच. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी मुलांच्या शिक्षणासाठी घरोघरचं मूठ-मूठ धान्य जमवून मुष्टिफंड उभा केला होता. शेतकऱ्यांपुढे झोळी धरायला मला संकोच नाही.