टक्के डॉक्टर सांगेल, रात्री कूस कोण बदलतं ते कोण सांगणार?

मोटार अपघाताच्या दाव्यात माणूस अंथरुणाला खिळला असेल, तर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साहेब, अपंगत्वाची टक्केवारी किती लागेल?" मी ही प्रकरणं चालवतो, त्यामुळे आता उत्तराआधी उलट विचारतो, "रात्री त्यांच्याजवळ कोण झोपतं?"

टक्केवारीवरून कमाईचं नुकसान ठरवायला सुरुवात होते. सांभाळण्याचा खर्च, म्हणजे अटेंडंटचा पगार, हे वेगळं सदर आहे आणि मोठ्या दुखापतीत ते कमाईच्या सदराएवढं, कधी त्याहूनही मोठं होऊ शकतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षांच्या जखमी मुलीच्या प्रकरणात ((२०२०) ४ एससीसी ४१३; एससीसी म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा छापील संग्रह) हा खर्चही गुणक पद्धतीनेच, म्हणजे वर्षाच्या खर्चाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणून, काढायला सांगितलं. उच्च न्यायालयाने महिना २,५०० रुपये दराने ४४ वर्षांचे १३,२०,००० दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी ५,००० रुपयांचे दोन अटेंडंट धरले आणि १८ चा गुणक लावून रक्कम २१,६०,००० केली.

म्हणजे गुणक वयावरून ठरतो, भांडण उरतं ते महिन्याच्या आकड्याचं. जखमी माणूस ३१ ते ३५ वयाचा असेल तर गुणक १६. महिना ५,००० मान्य झाले तर ९,६०,००० आणि १५,००० मान्य झाले तर २८,८०,०००. मधला फरक साक्षीदाराच्या तोंडून यायचा असतो. तो कोणाच्या?

बहुतेकांची निवड म्हणजे ऑपरेशन केलेला डॉक्टर. त्याच्यासारखा भक्कम साक्षीदार नाही, पण एका मर्यादेपर्यंत. केसपेपर त्याचे, सही त्याची, रुग्ण त्याने पाहिलेला, त्यामुळे दुखापत आणि अपंगत्व तो निर्विवाद सिद्ध करतो. माझ्या एका दाव्यात सर्जन आले आणि ९० टक्के अपंगत्व व्यवस्थित शाबीत झालं. "अटेंडंट लागेल का?" "लागेल." उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: "दिवसाचे किती तास?" सर्जन प्रामाणिक होते. म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही." निकालात त्या सदराखाली एक ठोक रक्कम आली, आणि ती कुठून आली हे मला आजही कळलेलं नाही. चूक त्यांची नव्हती, मी चुकीच्या माणसाला तो प्रश्न विचारला होता. डिस्चार्जनंतर घरी काय चालतं हे सर्जन पाहत नाही.

याच्या उलट, रुग्णाला कधीही न तपासता प्रमाणपत्र देणारा डॉक्टर. तो वेळेवर येतो, हवे तेवढे टक्के देतो आणि म्हणूनच स्वस्त वाटतो. अशा तयार प्रमाणपत्रांपासून सावध राहा, असं सर्वोच्च न्यायालयाने (२०११) १ एससीसी ३४३ मध्ये असे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणांना स्पष्ट बजावलं आहे. त्याच्यावर जास्त शब्द घालवत नाही.

सरकारी मंडळाचं दिव्यांग प्रमाणपत्र विश्वासार्ह, आणि ते काढाच. पण त्यात टक्के असतात, तास नसतात. टक्के एका अवयवाचे आहेत की पूर्ण शरीराचे, हेही नीट वाचा. त्या फरकावर दावे आपटतात.

आता पुनर्वसनवाले. यांच्यात दोन प्रकार: पीएमआरचा, म्हणजे शारीरिक पुनर्वसन शाखेचा डॉक्टर आणि रोजची कामं पुन्हा कशी करायची ते शिकवणारा व्यवसायोपचार तज्ज्ञ, ज्याला आपण ओटी म्हणतो. पीएमआरवाला डॉक्टरच असल्याने अपंगत्व आणि गरज, दोन्हींवर बोलू शकतो. ओटीला टक्के विचारले तर तो अडकेल. पण घरी येऊन पाहिलेलं असेल तर त्याच्याइतकं तपशिलात कोणी बोलत नाही: पलंगावरून खुर्चीत घ्यायला एक माणूस पुरतो की दोन, बाथरूमचं दार व्हीलचेअरपेक्षा अरुंद आहे का, घास तोंडापर्यंत जातो की भरवावा लागतो. पाठीच्या कण्याच्या दुखापतीत बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, टाळायला साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, दिवसातून चार ते सहा वेळा कॅथेटर (लघवीची नळी) घालावा लागू शकतो. यातलं काय शिकवलेल्या मावशीला जमेल आणि कशाला नर्सच हवी, हे वेगवेगळं मांडणारा अहवाल मला सोन्यासारखा वाटतो. "चोवीस तास नर्स हवी" असं एका ओळीत लिहिणारा अहवाल उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही.

अनुभवी नर्सही चालते, आणि बेडसोर, कॅथेटर, नळीने भरवणं असं बरंच काही असेल तर मी तिला ओटीच्या आधी घेईन. तज्ज्ञाच्या मताचं कलम (भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ३९, जुनं ४५) विशेष कौशल्य मागतं, एमबीबीएस मागत नाही. मात्र नोंदणी दाखवता आली पाहिजे: नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, ओटीची त्यांच्या राज्य परिषदेची. घरी माणसं पुरवणाऱ्या नर्सिंग ब्युरोने पाठवलेल्या ताईंना 'सिस्टर' म्हणतात म्हणून त्या नोंदणीकृत नर्स असतीलच असं नाही. त्यांना तज्ज्ञ म्हणून उभं करू नका. पगार किती मिळतो आणि काम काय करतात, एवढ्यापुरती त्यांची साक्ष घ्या. ब्युरोच्या पावत्या असतील तर फारच उत्तम.

उरली घरची माणसं. आई किंवा बायको तज्ज्ञ नाही, पण रोजची वही तिच्याकडे असते, किंवा असायला हवी: उठवलं किती वाजता, डायपर किती, रात्री किती वेळा उठावं लागलं. तिने नोकरी सोडली असेल तर त्याचा कागद आणा. मीठमसाला लावू नका. "दुपारी तो दोन तास शांत झोपतो" हेही तिने सांगावं. मग बाकीचं खरं वाटतं.

एकच निवडायचा असेल तर पीएमआरचा डॉक्टर घ्या, पण घरी येऊन पाहील या अटीवर. दोन परवडत असतील तर उपचार करणारा सर्जन दुखापतीसाठी आणि ओटी किंवा नर्स सांभाळण्यासाठी. मी हीच जोडी पसंत करतो. दोघांनी एकमेकांच्या हद्दीत बोलू नये, हे आधीच बजावून ठेवतो.

फी ठरवण्याआधी तिघांना तरी फोन करा आणि विचारा: घरी याल का, तास कसे मोजता, आजवर विमा कंपनीसाठीही अहवाल लिहिलाय का? शेवटच्याचं उत्तर 'हो' असेल तर बिचकू नका. दोन्ही बाजूंसाठी लिहिणाऱ्याला "तुम्ही नेहमी अर्जदाराचेच साक्षीदार ना?" असं विचारून उडवता येत नाही. आणि डॉक्टर "कोर्टात दिवस जातो" म्हणून नाही म्हणत असेल, तर कमिशनर (कोर्टाच्या वतीने साक्ष नोंदवणारा माणूस) नेमून दवाखान्यातच साक्ष घ्यावी असा अर्ज द्या. त्याच (२०११) च्या निकालात ती वाट दाखवलेली आहे.